‘झुको अलोन’: नायकाविना रंगलेला भाग

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील, २००६ साली प्रसारित झालेल्या या भागात नायक आंग पडद्यावर येतच नाही, आणि हे धाडस पुरेपूर सार्थकी लागले आहे. अग्निराष्ट्राचा परागंदा राजपुत्र झुको ओळख लपवून शत्रुराज्यातील एका शेतकरी कुटुंबाकडे थांबतो. आई उर्साच्या आठवणी या कथेत सहज मिसळतात. तलवारींवर भागत नाही म्हणून झुकोला अग्निविद्या (आग निर्माण करून लढण्याची अग्निराष्ट्राची कला) वापरावी लागते, त्यातून त्याची ओळख उघड होते, आणि ज्या मुलाला त्याने वाचवले तोच त्याचा तिरस्कार करू लागतो, हा प्रसंग बालमालिकेच्या मानाने विलक्षण प्रगल्भ आहे. दांडगाई करणारे सैनिक मात्र ठोकळेबाज वाटतात. आठवणींतल्या राजवाड्यातील कारस्थानाचा धागा अगदी लहान मुलांना समजावून सांगावा लागेल.