ऑटिझमसाठी प्रोबायोटिक पावडर, ७ महिने वापरून

ही पोटासाठी चांगले जिवंत बॅक्टेरिया असलेली पावडर दिवाळीनंतर सुरू केली होती, आता मे संपत आला, म्हणून लिहून राहिली. मुलगा ६ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो फार थोडं. थेरपीतल्या एका आईनं सांगितलं की पोटातले बॅक्टेरिया सुधारले की मुलं बोलायला लागतात, आणि विकणारा तर म्हणाला ताई, तीन महिन्यांत नजर द्यायला लागेल. ३० पुड्यांचे १,८०० रुपये.

तेव्हा त्याला चार-चार दिवस शी व्हायची नाही. दिवाणामागे जाऊन खिडकीचा गज धरून चवड्यांवर उभा राहायचा, पाय ताठ, चेहरा लालबुंद, आणि आम्ही वर्षभर समजलो की हे ऑटिझमचंच आहे. रामदासपेठेतले आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, तो शी दाबून धरतोय, दुखते म्हणून. पोट दुखतंय हे त्या लेकरानं सांगावं कसं? घरी येईपर्यंत रडली मी. त्यांनी शी मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप दिलं, संडासात पायाखाली पाट ठेवायला सांगितला, जेवण झालं की रोज दहा मिनिटं बसवायचं.

पावडर आणि सिरप एकाच महिन्यात सुरू झालं. जानेवारीत शी रोज व्हायला लागली, झोप लागली, हात चावणं कमी झालं, आणि मी सगळ्यांना पावडरचंच नाव सांगत सुटली. ते आता मागे घेते. फेब्रुवारीपासून पाच आठवडे पावडर बंद ठेवली, सिरप चालू, काहीच बिघडलं नाही. पुन्हा दिली, नवीन काही झालं नाही. चार-पाच शब्द वाढले ते स्पीच थेरपीच्या मॅडमची मेहनत आहे.

विकणारे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचा २०१७ चा अभ्यास दाखवतात. त्यात १८ मुलांना आधी अँटिबायोटिक देऊन मग निरोगी लोकांच्या शीतून वेगळे काढलेले बॅक्टेरिया दिले होते, पोट आणि वागणं दोन्ही सुधारलं, दोन वर्षांनीही फरक टिकून होता. पण तुलनेला नुसतं खोटं औषध दिलेली मुलं नव्हती, आईबापांना उपचार चालू असल्याचं माहीत होतं, आणि ती काही दुकानातली पुडी नव्हती. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २४७ मुलं तपासली तर गोष्ट उलटीच दिसली, ऑटिझमवाली मुलं मोजकंच खातात म्हणून त्यांच्या पोटातल्या बॅक्टेरियांचे प्रकार कमी होतात. मला हे लगेच पटलं, कारण आमचा साधा भात, मुरमुरे आणि एकच बिस्कीट खातो, भाताला वरणाचा पिवळा डाग लागला की ताट सरकवतो.

अजून एक, पुडीवर २५ अंशांखाली ठेवा लिहिलंय आणि एप्रिलचं पार्सल आपल्या नागपूरच्या उन्हात दोन दिवस फिरत होतं. जिवंत काय उरलं असेल त्यात?

त्रास काही झाला नाही, पण पुन्हा घेणार नाही. तुमचं लेकरू असं चवड्यांवर उभं राहत असेल तर पहिले पोट दाखवा डॉक्टरांना. आता मी भातात चमचाभर ताक कालवते, पांढऱ्यात पांढरं म्हणून त्याला चालतं. परवा दोन चमचे टाकलं, ताट नाही सरकवलं.