पॉवर व्हॉल्व्ह ठेवून केलेलं ट्यूनिंग: काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

माझ्या व्ही-८ इंजिनावर होली कंपनीच्या धर्तीचा चार बॅरलचा (हवेच्या चार वाटांचा) कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर, आहे. त्यातला पॉवर व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनावर जोर आला की जादा पेट्रोल सोडणारी झडप. कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बराच 'हॉट', म्हणजे रेसिंगकडे झुकणारा, त्यामुळे आयडलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जेमतेम ९ ते १० इंच (पाऱ्याचे). पॉवर व्हॉल्व्हच्या वाटेतली भोकं बदलता येतील असा मीटरिंग ब्लॉक (पेट्रोल मोजून सोडणारा कार्बचा भाग), वेगवेगळ्या आकड्यांचे पॉवर व्हॉल्व्ह आणि वाइडबँड लॅम्ब्डा मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण सांगणारा; लॅम्ब्डा १ म्हणजे हवा-पेट्रोल नेमक्या प्रमाणात, त्याखाली पेट्रोल जास्त) बसवून आता बरेच महिने झालेत. माझं मत आता ठाम आहे: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत फुल थ्रॉटलचं जादा पेट्रोल मेन जेटकडून (कायम पेट्रोल देणाऱ्या मुख्य भोकाकडून) मागू नका.

"पॉवर व्हॉल्व्ह काढ, त्या जागी बूच ठोक आणि जेट आठ-दहा नंबरांनी वाढव" हा सल्ला सगळीकडे मिळतो. ड्रॅगच्या गाडीला तो चालतो, कारण ती एकतर उभी असते नाहीतर पूर्ण थ्रॉटलवर. रस्त्यावर मात्र इंजिनाचा बहुतेक वेळ अर्धवट थ्रॉटलवर जातो. तेव्हाही त्याला फुल थ्रॉटलचंच मिश्रण मिळालं की स्पार्क प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

सगळा गोंधळ दोन गोष्टी एक समजल्यामुळे होतो. व्हॉल्व्हवरचा आकडा, समजा ६.५, फक्त तो कधी उघडेल ते सांगतो: मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम ६.५ इंचांच्या खाली आला की. किती पेट्रोल जादा जाईल हे मीटरिंग ब्लॉकमधली भोकं ठरवतात. ६.५ काढून ८.५ बसवला तर पेट्रोल लवकर सुरू होतं, फुल थ्रॉटलला वाढत मात्र नाही. भोक बदलताना क्षेत्रफळाचा विचार करा. व्यास ०.०५० वरून ०.०५५ इंच केला तर वाढ १० टक्के दिसते, पण क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. मी ०.००२ इंचांच्या पायरीनेच पुढे गेलो.

क्रम असा ठेवला: आधी फक्त क्रूझ (एकसारख्या वेगाने चालणं), तेही मेन जेटवर, लॅम्ब्डा १ च्या किंचित खाली. या कॅमला त्याहून लीन (कमी पेट्रोलचं) मिश्रण मानवत नाही, गाडी हिसके देते. मग फुल थ्रॉटल ०.८६ ते ०.८८, केवळ भोकांवर. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर हवा-पेट्रोलच्या १४.७ या नेहमीच्या प्रमाणाचा हिशेब बदलतो, म्हणून लॅम्ब्डाच वाचा. आयडलचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त असलेल्या कॅममध्ये न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि मीटर खोटं लीन दाखवतो.

"आयडल व्हॅक्यूमच्या निम्मा आकडा" या नियमाने मला ४.५ चा व्हॉल्व्ह हवा होता. पण चढावर व्हॅक्यूम साधारण ६ इंचांवर टिकायचा, व्हॉल्व्ह बंद, मिश्रण लीन आणि इंजिन नॉक व्हायचं. ६.५ बसवल्यावर ते थांबलं. सपाटीवर व्हॅक्यूम त्याच्या बराच वर राहतो, म्हणून क्रूझ बिघडलं नाही. निम्म्याचा नियम सुरुवातीपुरता ठीक. खरं उत्तर चालत्या गाडीत व्हॅक्यूम गेजवर दिसतं.

तक्रारी आहेतच. दर बदलाला फ्लोट बाऊल उतरवायचा, पेट्रोल सांडणार, गॅस्केट जपायचं. शिक्क्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष उघडण्याचा बिंदू जुळेलच असं नाही, त्यामुळे नवा व्हॉल्व्ह मी हातपंपाने तपासूनच बसवतो. बॅकफायरने पॉवर व्हॉल्व्हचा डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटण्याची भीती चेक बॉल (बॅकफायरचा दाब अडवणारी गोळी) असलेल्या कार्बमध्ये बरीच कमी होते. शंका आली तर आयडलचे मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत फिरवून बघा. तरीही इंजिन बंद पडत नसेल, तर फाटलेला डायफ्रॅम हा पहिला संशयित.

एकदम पेडल दाबल्यावर येणारा अडखळा यातून गेला नाही, आणि तो जाणारही नव्हता. ते काम अॅक्सिलरेटर पंपाचं. तिथे ३१ ऐवजी ३५ चा नोझल आणि पंपाचा कॅम बदलून फरक पडला. कार्बच्या मागच्या दोन बॅरलना पॉवर व्हॉल्व्ह नाही, तिथले जेट मोठेच ठेवलेत. क्रूझला त्या बॅरल बंद असतात, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही.