आमचं सागवान ‘राडारोडा’ म्हणून टेम्पोत गेलं

कोकणातलं जुनं घर दुरुस्त करून पर्यटकांसाठी एसी खोल्या काढायच्या असतील, तर ठेकेदाराचा दर नंतर विचारा. आधी घरातलं लाकूड मोजा.

गुहागरला सासऱ्यांनी बरीच वर्षं घरगुती राहण्या-जेवण्याची सोय चालवली. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, सागवानी वासे, न्हाणीघर मागच्या पडवीत. आता येणाऱ्यांना खोलीला लागून बाथरूम हवं, गिझर हवा. त्यात त्यांचं काही चुकत नाही. ओळखीतून एक ठेकेदार आला. बोलणं गोड आणि दर बाकी सगळ्यांपेक्षा कमी.

आल्या आल्या तो शिडीवर चढला आणि एका वाशाच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसला. भसकन भुसा पडला. “काका, वाळवीनं पार पोखरलंय. उद्या पाहुण्याच्या डोक्यात पडलं म्हणजे?” सासरे गप्पच झाले. पाहुण्याचं नाव काढलं की त्यांचं काही चालत नाही, हे त्या माणसाने पाच मिनिटांत ओळखलं होतं.

तो वासा वळचणीचा. वरचं कौल फुटून तिथे पाणी मुरत होतं. शिवाय सागाचा बाहेरचा पांढरट भाग वाळवी खाते, आतल्या तपकिरी गाभ्याला ती सहसा लागत नाही. स्क्रू ड्रायव्हर गेला तो त्या पांढऱ्यात. आढ्याला, तुळयांना त्याने हातही लावला नाही. गावातल्या सुताराने हे समजावून सांगितलं तोवर छप्पर उतरून लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा राहिला होता. वासे, तुळया, चौकटी, पितळी कड्यासुद्धा टेम्पोत भरून गेल्या होत्या. वर राडारोडा हलवल्याची मजुरी आमच्याच बिलात! जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं आणि हल्ली हॉटेलवाले ते शोधत फिरतात.

पुढचं सगळं त्याच मापाचं. कपाटांना मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय ठरला होता. दाखवायला आणलेल्या फळीवर मरीन प्लायचा ‘आयएस ७१०’ हा शिक्का होता, कपाटांत बसला तो साधा प्लाय, आणि पहिल्याच पावसाळ्यात बाथरूमलगतच्या दारांचे पापुद्रे सुटले. गिझरला ४ स्क्वेअर एमएमची वायर सांगितली होती, भिंतीतून दिव्यांना वापरतात ती बारीक, दीडची निघाली. हे मात्र नुसतं पैशांचं प्रकरण नाही. तिथे माणसं ओल्या अंगाने उभी राहतात.

बिलात १८ टक्के जीएसटी लावला होता. नंबर १५ अक्षरी, महाराष्ट्राच्या २७ नेच सुरू होणारा, दिसायला अगदी रीतसर. भाच्याने तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला, तर नोंदणी कधीचीच रद्द झालेली. हे फुकटात होतं, लॉगिनही लागत नाही, त्यामुळे पहिला हप्ता देण्याआधीच बघून घ्या.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. वकिलाची नोटीस गेली आहे. लाकडाबद्दल त्याचं उत्तर असं, की कुजका माल होता, फेकून दिला. कुजका नव्हता हे दाखवायला आमच्याकडे लग्नातले दोन फोटो, त्यात डोक्यांच्या वर जेमतेम दिसणारी तुळई.

गुहागरच्याच वरच्या पाटातले एक ओळखीचे यंदा छप्पर उतरवणार आहेत. त्यांना सांगितलं, प्रत्येक तुळईला गिरमिटाने दोन-तीन ठिकाणी भोक पाडून गाभा बघा, तोही आपल्या सुताराकडून. उतरणाऱ्या लाकडाची लांबी-जाडीसकट यादी करा, फोटो काढा, करारात ‘जुना माल मालकाचा’ असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्यांनी तशी यादी केली. ती वाचून त्यांच्या ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी दर वाढवून मागितला.