पोर्टेबल एसएसडी, आठ महिने आणि एका अक्षराचा छळ

एसएसडी म्हणजे केबलने जोडायचा, फाइली साठवायचा छोटा ड्राइव्ह. त्याच्या वेगाबद्दल लिहीत नाही, तो पुरेसा आहे. केबल टिकली, डबी फार तापत नाही. मला लिहायचंय ते विंडोजमध्ये ड्राइव्हला मिळणाऱ्या अक्षराबद्दल, कारण आठ महिन्यांत मनस्ताप झाला तो त्याच्यामुळेच.

घरी ड्राइव्ह ई म्हणून दिसतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कार्ड रीडरने ई आणि एफ अडवलेत, म्हणून तिथे तो जी होतो. फाइल जड होऊ नये म्हणून 64 पानांच्या अहवालात मी फोटो नुसते लिंक केले होते, म्हणजे वर्डच्या फाइलमध्ये फोटो नाही, फक्त त्याचा पत्ता. द्यायच्या दिवशी सकाळी ऑफिसात उघडला, तर फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आणि लाल फुल्या. फोटो ड्राइव्हवर जिथल्या तिथे होते, पण वर्ड त्यांना अजून ईवर शोधत होतं.

एकेक फोटो पुन्हा जोडायला वेळ नव्हता. अहवालाची कॉपी केली, तिच्या नावाची शेपटी डॉकएक्सऐवजी झिप केली. आत 'वर्ड' फोल्डरमध्ये '_रेल्स' फोल्डर, त्यातली 'डॉक्युमेंट.एक्सएमएल.रेल्स' बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडली. प्रत्येक फोटोचा पूर्ण पत्ता तिथे उघडा पडलेला, सुरुवातीच्या 'फाइल' आणि तिरक्या रेघांनंतर लगेच ई आणि विसर्गासारखी दोन टिंबं. रिप्लेस ऑलने 'तिरकी रेघ-ई-दोन टिंबं'च्या जागी 'तिरकी रेघ-जी-दोन टिंबं' केलं, फाइल परत आत टाकली, जुनं नाव दिलं. सगळे फोटो आले! लिंका दुरुस्त करणारी विकतची सॉफ्टवेअरं आहेत, पण नोटपॅडने होणाऱ्या कामाला मी पैसे मोजणार नाही.

त्यानंतर घरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला कायमचं एक्स दिलं आणि प्रश्न मिटला असं दोघा-तिघांना सांगूनही टाकलं. ते चुकलं, मागे घेते. अक्षर ड्राइव्हवर लिहिलं जातच नाही, त्या-त्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत राहतं. म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरवर तेच करायचं, आणि त्याला ॲडमिन हक्क लागतात. ऑफिसात ते मला कोण देणार?

आता ड्राइव्हच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, एका ओळीची बॅच फाइल ठेवली आहे, म्हणजे डबल क्लिक केलं की आतली आज्ञा चालवणारी फाइल. आधी सबस्ट (एखाद्या जागेला ड्राइव्हचं अक्षर देणारी आज्ञा), मग एक्स आणि दोन टिंबं, मग टक्का-टिल्डा-डी-शून्य आणि उलटी तिरकी रेघ. टक्क्यापासूनचा तुकडा म्हणजे 'ही फाइल ज्या ड्राइव्हवर आहे तो'. त्यामुळे आज ई असो की जी, डबल क्लिक केलं की तोच ड्राइव्ह एक्स म्हणूनही दिसतो. ॲडमिन हक्क लागत नाहीत. सगळ्या लिंका एकदाच एक्सवर वळवल्या, आणि नवा फोटो जोडतानाही एक्समधूनच निवडते.

कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की एक्स जातो, परत क्लिक करावं लागतं. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेल्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही, हे कळेपर्यंत माझी अख्खी संध्याकाळ गेली. गाण्यांच्या प्लेलिस्टला याची गरजच पडली नाही. प्लेलिस्टची एमथ्रीयू ही साधी मजकुराची फाइल असते. ती गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवली, आतल्या पत्त्यांतून ड्राइव्ह आणि फोल्डर खोडून नुसती फाइलची नावं ठेवली, आता ती कुठेही वाजते. वर्डमध्येही पत्ता असा अर्धा ठेवायची सरळ सोय हवी होती, हा माझा राग कायम आहे.

गेल्या आठवड्यात बहिणीच्या लॅपटॉपवर ड्राइव्ह डी म्हणून आला. बॅच फाइल चालवली, अहवाल उघडला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फोटो तपासले. एकही फुली नाही.