एफओबी चाचणी प्रयोगशाळेकडून करून घेताना

फंक्शनल ऑब्झर्व्हेशनल बॅटरी, म्हणजे एफओबी, ही रसायनाचा मज्जासंस्थेवरचा परिणाम उंदरांच्या वागण्यावरून आणि हालचालींवरून तपासणाऱ्या चाचण्यांची मालिका. ही सेवा जीएलपी (प्रयोगशाळांच्या चांगल्या कार्यपद्धतीचे नियम) मान्यतेच्या बऱ्याच विषशास्त्र प्रयोगशाळा देतात. कागदावर सगळ्यांची सारखीच: ओईसीडी ४२४ (अशा चाचण्यांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धत), दर गटात किमान १० नर आणि १० माद्या, तीन मात्रा, एक नियंत्रण गट (ज्याला रसायन देत नाहीत). फरक पडतो तो हाताळणीत.

सगळ्यांत कच्चा भाग नजरेने द्यायच्या गुणांचा. उंदीर पिंजऱ्यातून काढताना किती प्रतिकार करतो, लाळ गळते का, चाल डगमगते का? एकाच्या लेखी 'थोडी डगमग' असते ती दुसऱ्याच्या लेखी नेहमीची चाल. म्हणून शक्यतो अभ्यासभर निरीक्षक एकच हवा आणि उंदीर कोणत्या गटातला हे त्याला कळता कामा नये. पिंजऱ्यावरचं मात्रेचं रंगीत कार्ड झाकलेलं नसेल तर हे नियम नावापुरतेच उरतात.

मोजमापांवर जास्त भरवसा ठेवता येतो, पण डोळे झाकून नाही. पकडीची ताकद मोजताना उंदराला ओढण्याचा वेग किंवा कोन बदलला की आकडा बदलतो. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. पाय फाकण्याच्या चाचणीत मागच्या पंजांना शाई लावून उंदराला सुमारे ३० सेंमीवरून सोडतात. ठशांमधलं अंतर टाचेपासून मोजायचं की बाहेरच्या बोटापासून, हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसेल तर दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवूच नयेत. हालचालीच्या पेटीतली मोजणी इन्फ्रारेड किरण किती आणि कसे बसवलेत त्यावर ठरते, त्यामुळे तुलना त्याच पेट्यांतल्या नियंत्रण गटाशीच करावी. सत्राच्या शेवटच्या २० टक्के वेळेत नियंत्रण गट जवळपास स्थिरावलेला दिसला पाहिजे. सकाळी सगळा नियंत्रण गट आणि दुपारी सगळा मोठ्या मात्रेचा गट तपासला असेल, तर तो अहवाल सरळ परत पाठवावा. परिणाम औषधाचा की वेळेचा, हे नंतर कोणत्याही सांख्यिकीने सुटत नाही.

आयपीसीएस या रासायनिक सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या १९९०च्या दशकातल्या अभ्यासात आठ प्रयोगशाळांनी अक्रिलामाइड, पॅराथिऑन, टोल्युइन, डीडीटी अशी सात रसायनं तपासली. मूळ आकड्यांत फरक होते, पण परिणामांचं एकूण चित्र बरंचसं जुळलं. त्याआधी निरीक्षकांना प्रशिक्षण दिलेलं होतं, हे विसरू नये.

म्हणून दरपत्रकाआधी पॉझिटिव्ह कंट्रोलची, म्हणजे परिणाम आधीच माहीत असलेलं रसायन देऊन केलेल्या चाचण्यांची, माहिती मागा: अक्रिलामाइडने मागच्या पायांची पकड घटलेली आणि पाय फाकलेले, अँफेटामिनने हालचाल वाढलेली दिसते का? आणि त्या नोंदी करणारी माणसं आजही तिथेच काम करतात का, हेही विचारा. ती निघून गेली असतील तर नव्या निरीक्षकांची चाचणी आधी करून घ्या, मगच काम सोपवा.