वर्षाचे तिखट: मिक्सरवर की डंखावर?

मे महिना सरत आला की पावसाआधी तिखट करून ठेवण्याची घाई सुरू होते आणि मिरची घरीच दळावी की डंखावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, कुटून आणावी, हा प्रश्न मुंबईतल्या घराघरांत निघतो. माझ्या मते त्याचे उत्तर आपल्याला किती तिखट लागते, यावर आहे.

डंखात लोखंडी मुसळांखाली मिरची कुटली जाते. मिक्सरचे पाते ती वेगाने कापते आणि भांडे पाहता पाहता तापते. तापलेल्या तिखटाचा वास उडतो. म्हणून चार-पाच किलो मिरची असेल, किंवा धणे-खोबऱ्यासह वर्षाचा मसालाच करायचा असेल, तर डंखच बरा. लालबागच्या मिरची गल्लीत रंगासाठी ब्याडगी आणि झणझणीतपणासाठी लवंगी पारखून घेता येते, शिवाय कांडपाची सोयही तिथेच आहे. मात्र आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळातून नीट झाडून घेतला आहे ना, हे समोर उभे राहून पाहावे. घराजवळच्या एका डंखावर मी हे पाहिले नाही आणि त्या वर्षी आमच्या साध्या तिखटाला शेवटपर्यंत गरम मसाल्याचा वास येत राहिला.

महिन्याला पाव किलोही न लागणाऱ्या घराने मिक्सरच वापरावा, कारण ताजेपणा आणि हवा तसा जाडबारीकपणा दोन्ही आपल्या हातात राहतात. इथे खरे काम दळण्याचे नसून वाळवण्याचे आहे. मुंबईच्या दमट हवेत खिडकीतले ऊन पुरत नाही. मिरची गच्चीवर दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकावी. हलवल्यावर आतले बी खुळखुळले आणि दुमडताच ती कट्कन मोडली, तर वाळली असे समजावे. नुसती वाकली, तर मंद आचेवरच्या तव्यावर थोडी गरम करून पूर्ण गार होऊ द्यावी. देठ काढण्याआधी हातांना खोबरेल लावावे, कारण मिरचीतला जळजळणारा अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि नुसत्या पाण्याने हात धुऊन आग थांबत नाही. छोटे भांडे अर्धेच भरून थांबत थांबत फिरवावे, आणि दळून झाल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये, नाहीतर उडालेल्या धुरळ्याने सगळ्या घराला ठसका लागतो.

मिक्सरवाल्यांनीही मिरची मात्र मे महिन्यातच घ्यावी, वाळवून अख्खीच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी आणि लागेल तशी दळावी. अख्ख्या मिरचीचा रंग आणि वास पुडीपेक्षा जास्त टिकतो.