दारू त्यांची, मिसरी माझी : व्यसनमुक्ती केंद्रातली शनिवारची बैठक

मालकांना आमच्या तालुक्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस ठेवलं होतं. तिथं दर शनिवारी घरच्यांची बैठक असते. पाचही शनिवार मी गेले, म्हणून लिहिते.

दवाखान्याची बाजू चोख. दारू एकदम तोडली की पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, माणूस भलतंच बरळतो. त्या रात्री डॉक्टर तिथंच होते. जेवण साधं, आमटी पातळ. असो.

खरा उपयोग बैठकीचा. बैठक घेणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात चखणा कोण करतं?" सगळ्या गप्प. मीच करायचे की! बाहेर पिऊन पडण्यापेक्षा घरात घेतलेली बरी, असं सासूबाईंचं म्हणणं. मग मी शेंगदाणे तळायचे, कांदा चिरायचा, गटारीला सुकं मटण वेगळं काढून ठेवायचं. हळदीत, जत्रेत पाहुण्यांनी ग्लास पुढं केला आणि यांनी नको म्हटलं, तर "बायकोला भितोय" हे ठरलेलं. हे सगळं ताईंनी एकेकीकडून बोलून घेतलं. नवऱ्याची गाऱ्हाणी घेऊन गेलेल्या आम्ही, येताना एसटीत कुणीच बोललो नाही.

तिसऱ्या शनिवारी मी धीर करून म्हटलं, "ताई, मी १८ वर्षं मिसरी लावते." त्या हसल्या. "अहो, ती काय दारू आहे का?" आणि पुढच्या बाईकडं वळल्या. मला ते लागलं. अर्जात पेशंटची विडी, तंबाखू, गुटखा सगळं विचारलंय. बायकोसाठी रकानाच नाही.

मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, ठसका लागतो म्हणून मागचं दार उघडं ठेवायचं, मग चुरून डबीत भरायची. पहिली डबी मला सासूबाईंनीच दिली, थोरलीच्या वेळी दाढ ठणकत होती तेव्हा. आधी सकाळी एकदाच. मग जेवल्यावर. मग रात्री अकरा वाजले तरी यांची गाडी दारात आली नाही की परत. विडी ओढणाऱ्या बाईला गाव नावं ठेवील, मिसरीला कुणी काही म्हणत नाही. २०१२ ला राज्यात गुटखाबंदी आली. घरच्या तव्यावरचं कोण बंद करणार?

शेवटी तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ ला फोन लावला. पैसे पडत नाहीत. तिथल्या बाई हसल्या नाहीत. सोडायची तारीख माझ्याकडूनच ठरवून घेतली. पहिला आठवडा डोकं भणभणलं, पोट साफ होईना, पोरांवर उगाच ओरडले. आता दीड महिना झाला. डबी अजून फडताळात आहे, रिकामी.

केंद्राला पाचपैकी साडेतीन. दीड मिसरीचा कापला.

जाणार असाल तर साडेनऊच्या आत पोचा, नंतर खुर्च्या संपतात आणि सतरंजीवर बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना नेऊ नका म्हणणार होते. पण न्याच, खुर्ची आधी धरून ठेवा.